हौस, रसिकता आणि फुरसत : ब्रिटिश हौशी रसिकाच्या आदर्शाचे मराठी रूप

प्रस्तावना

खेळ, संगीत, नाटक, चित्रपट यांपैकी कोणत्याही एका क्षेत्राचा व्यावसायिक नसताना या सर्वांचा मनःपूर्वक आस्वाद घेणारा, त्यांविषयी जाणकारीने बोलणारा आणि प्रसंगी लिहिणारा माणूस हा विसाव्या शतकातील इंग्लंडच्या सांस्कृतिक जीवनातील एक ठळक नमुना आहे. उन्हाळ्यात क्रिकेटच्या मैदानावर आणि हिवाळ्यात संगीतसभागृहात तो सारख्याच तन्मयतेने बसतो. मराठी समाजातही 'रसिक' या नावाने असाच एक आदर्श घडत गेला आणि सुशिक्षित मध्यमवर्गाने तो दीर्घकाळ प्रमाण मानला. हा मराठी आदर्श केवळ उसना नव्हता. त्याला मैफलीची, नाट्यसंगीताची आणि कीर्तनाची स्वतःची पार्श्वभूमी होती. तथापि इंग्रजी शिक्षण, इंग्रजी वाङ्मय आणि क्रिकेट यांच्या संपर्कातून त्याला जे वळण लागले, त्याची चिकित्सा मराठी समीक्षेत पुरेशी झालेली दिसत नाही.

रसिकतेचा हा आदर्श कोणत्या गुणांवर उभा आहे, मराठी लेखनात त्याने कोणते रूप धारण केले आणि त्याच्या मर्यादा कोठे जाणवतात, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नेव्हिल कार्डस, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे व पु. ल. देशपांडे यांचे लेखन आणि पुण्याच्या मैदानावर घडलेले पळवणकर बाळू यांचे उदाहरण विचारात घेतले आहे. आस्वाद ही निव्वळ वैयक्तिक वृत्ती नसून तिला श्रम आणि फुरसत यांचा आधार असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

'हौशी' आणि 'रसिक' : संकल्पनांचा विचार

इंग्रजीतील 'अमॅच्युअर' हा शब्द प्रेम या अर्थाच्या लॅटिन धातूवरून फ्रेंचमार्गे आला. मराठीत त्याला 'हौशी' हा प्रतिशब्द रूढ झाला. 'हौशी नाट्यसंस्था', 'हौशी नाट्यस्पर्धा' अशा प्रयोगांतून तो सर्वपरिचित आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी आवड आहे. परंतु इंग्लंडमध्ये या शब्दाला वर्गभेदाचा अर्थही चिकटला होता. १८०६ साली सुरू झालेला 'जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' हा क्रिकेटचा सामना १९६२ पर्यंत खेळला जात होता. त्यातील 'जंटलमेन' म्हणजे मानधन न घेणारे हौशी आणि 'प्लेअर्स' म्हणजे पोटासाठी खेळणारे. अनेक मैदानांवर दोघांच्या बसण्याच्या खोल्या वेगळ्या होत्या, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी होती. प्रेमापोटी खेळणे ही प्रतिष्ठेची आणि पोटापाण्यासाठी खेळणे ही दुय्यम गोष्ट, अशी ही विभागणी होती.

भारतीय काव्यशास्त्रातील 'रसिक' किंवा 'सहृदय' ही संकल्पना याहून वेगळी आहे. सहृदयाची पात्रता त्याच्या अंतःकरणाच्या तयारीवर ठरते. तो पैसे घेतो की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. पण व्यवहारात मैफलीचा रसिक म्हणजे पुढच्या बैठकीवर बसणारा, गायकाला दाद देणारा, यजमानाच्या ओळखीचा माणूस. त्यामुळे काव्यशास्त्रातील सहृदय आणि सामाजिक व्यवहारातील रसिक यांत प्रथमपासूनच एक अंतर होते. विसाव्या शतकातील मराठी रसिकाने इंग्रजी हौशीपणाचा जो संस्कार घेतला, तो या व्यवहारातील रसिकाशी सहज जुळला.

नेव्हिल कार्डस : मैदान आणि सभागृह

या आदर्शाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्राचा लेखक नेव्हिल कार्डस (१८८८-१९७५). मँचेस्टरच्या गरीब वस्तीत वाढलेल्या आणि औपचारिक शिक्षण फारसे न लाभलेल्या या लेखकाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या आधाराने स्वतःला घडविले. काही काळ त्याने श्रूजबरी शाळेत क्रिकेटचा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नोकरी केली. १९१७ मध्ये तो 'गार्डियन'मध्ये आला, पहिल्या महायुद्धानंतर क्रिकेटवर लिहू लागला आणि १९२७ पासून त्याच वृत्तपत्राचा प्रमुख संगीतसमीक्षक झाला. एकाच लेखणीने फलंदाजाची शैली आणि सिंफनीची रचना यांचा वेध घेणारा दुसरा लेखक तोलामोलाने सांगणे कठीण आहे.

कार्डसचे महत्त्व असे की, त्याने क्रिकेटच्या वृत्तान्ताला धावसंख्येच्या नोंदीतून बाहेर काढून व्यक्तिचित्रणाचे आणि वातावरणनिर्मितीचे साधन बनविले. मात्र त्याच्या या किमयेत एक गोम आहे. त्याने खेळाडूंच्या तोंडी घातलेली काही वाक्ये त्यांनी प्रत्यक्षात उच्चारलेली नव्हती, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. यॉर्कशरच्या एमट रॉबिन्सनसारखे व्यावसायिक खेळाडू त्याच्या लेखनात अविस्मरणीय होतात, पण ते बहुधा गमतीदार, रांगडी 'पात्रे' म्हणून. रसिकाच्या प्रेमळ नजरेत पात्र उजळून निघते आणि त्यामागचा पगारी माणूस, त्याचे करारपत्र व हंगामानंतरची त्याची चिंता मागे पडते.

त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स (१९०१-१९८९) यांनी 'बियाँड अ बाउंडरी' (१९६३) या ग्रंथात कार्डसविषयी एक मार्मिक आक्षेप नोंदविला. कार्डसने क्रिकेटवर लिहिताना संगीताचे दाखले दिले; परंतु संगीतावर लिहिताना क्रिकेटचा दाखला दिला नाही. म्हणजे इतके लिहूनही क्रिकेटला कलेचा समान दर्जा देण्याचे त्याने टाळले. जेम्स यांच्या मते क्रिकेट ही नाट्य व नृत्य यांच्या बरोबरीने बसणारी कला आहे आणि तिचा अर्थ वर्ण, वर्ग व वसाहत यांच्या संदर्भाशिवाय लागत नाही. जेम्स स्वतः इंग्रजी वाङ्मयाचे आणि खेळाचे निस्सीम चाहते होते, म्हणून या आक्षेपाला विशेष मोल आहे. ही टीका रसिकतेच्या आतूनच आलेली आहे. मराठी परंपरेकडे पाहतानाही हीच दृष्टी उपयुक्त ठरते.

मराठीतील रसिक-समीक्षा : भोळे आणि देशपांडे

मराठी संगीतसमीक्षेची पायाभरणी करणाऱ्यांत केशवराव भोळे यांचे स्थान अग्रगण्य आहे. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी गायकांवर केलेले लेखन स्तुतिसुमनांच्या परंपरेला छेद देणारे होते. हे टोपणनावच बोलके आहे : दाराबाहेर राहून, पाहून, ऐकून शिकणाऱ्या शिष्याचे ते नाव आहे. भोळे केवळ श्रोते राहिले नाहीत, हे त्यांचे वेगळेपण होय. 'प्रभात'च्या 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) या चित्रपटांचे संगीत त्यांचे आहे. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींवर भर देण्यात आला. कान तयार असलेल्या रसिकाने कोठे वाजवू नये हे ओळखणे, ही आस्वादातून निर्मितीकडे गेलेली समज आहे.

वामनराव हरि देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. कचेरीचे काम सांभाळून त्यांनी अनेक वर्षे वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडे गायनाचे शिक्षण घेतले आणि १९६१ मध्ये 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ सिद्ध केला. स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या कमीअधिक प्रमाणावर त्यांनी घराण्यांची मांडणी केली. एका टोकाला स्वरप्रधान किराणा, दुसऱ्या टोकाला लयप्रधान आग्रा आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर, अशी ही सुबोध रचना आहे. तिच्यावर मतभेद झाले. जयपूर घराण्याकडे लेखकाचा कल झुकतो, हा आक्षेपही अनाठायी नाही. तथापि या ग्रंथातील अधिक मोलाचा विचार दुसराच आहे. घराण्याची शैली तिच्या प्रवर्तकाच्या आवाजाच्या धर्मातून आकाराला येते, असे वामनराव सांगतात. येथे शैली ही हवेतून उतरलेली देणगी राहत नाही. ती एका विशिष्ट गळ्याच्या शक्ती व मर्यादांतून, म्हणजे देहातून आणि मेहनतीतून घडते. हिशेबाची शिस्त असलेल्या हौशी अभ्यासकाने आस्वादाचे नाते गाणाऱ्याच्या कष्टाशी जोडले, ही मराठी रसिक-समीक्षेची मोठी कमाई आहे.

भोळे आणि वामनराव यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, मराठीतील हौशीपणाचा उत्तम आविष्कार 'सर्व काही थोडे थोडे' या वृत्तीत नाही. दोघांनीही प्रत्यक्ष कलेत हात घातला आणि त्यामुळे त्यांच्या आवडीला जबाबदारीचे भान आले.

पु. ल. देशपांडे : रसिकतेचा उत्कर्ष आणि तिची कसोटी

रसिकतेचा हा आदर्श महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला तो पु. ल. देशपांडे (१९१९-२०००) यांच्यामुळे. नाटक, संगीत, चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, एकपात्री प्रयोग अशा सर्व क्षेत्रांत त्यांचा संचार होता. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन व संगीत त्यांचेच असून मुख्य भूमिकाही त्यांनीच केली. दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी ते बी.बी.सी.मध्ये गेले. त्या प्रवासाचे फलित असलेले 'अपूर्वाई' हे लेखन 'किर्लोस्कर' मासिकातून वाचकांसमोर आले आणि १९६० मध्ये ग्रंथरूप झाले.

'अपूर्वाई'चे वैशिष्ट्य असे की, जेत्यांच्या देशात गेलेला हा प्रवासी न्यूनगंडाने दबलेला नाही आणि वैराने कडवटलेलाही नाही. तो इंग्लंडकडे एका रसिकाच्या नात्याने पाहतो. स्वातंत्र्यानंतर अवघ्या बारा-तेरा वर्षांत मराठी वाचकाला असा मोकळा, बरोबरीचा दृष्टिकोन देणे, हे त्या पुस्तकाचे ऐतिहासिक कार्य मानावे लागेल. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून त्यांनी रचलेली 'ती फुलराणी' (१९७५) ही याच बरोबरीच्या नात्याची परिणती होय. तेथे लंडनचा वर्गभेद मराठी बोलींतील भेदाच्या रूपाने अवतरतो आणि भाषेची शुद्धता ही सत्तेची खूण कशी असते, हे मराठी प्रेक्षकाला हसता हसता जाणवते.

रसिकतेचा थेट वाद मात्र 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकात आहे. इंदूरचे काकाजी आणि त्यांच्या घरी येऊन राहिलेले आचार्य यांच्या संघर्षात आनंदाचा हक्क विरुद्ध त्यागाचा अहंकार असा सामना रंगतो. नाटककाराचा कौल उघड आहे : जीवनाचा आस्वाद घेणारे काकाजी जिंकतात आणि आचार्यांच्या वाट्याला एकाकीपणाची कबुली येते. वैराग्याचे स्तोम माजविणाऱ्या वातावरणात हा कौल आवश्यक होता, यात शंका नाही.

परंतु समीक्षकाने एक प्रश्न उपस्थित करणे भाग आहे. काकाजींची शिकार, गाणे आणि दिलदारी संस्थानी इंदूरच्या ज्या वैभवावर पोसली गेली, त्याचा ताळेबंद नाटकात येत नाही. याच इंदूरच्या होळकर दरबाराने क्रिकेटलाही आश्रय दिला, सी. के. नायडू होळकरांच्या सेवेत होते आणि होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थानी आश्रयाने गाणे आणि खेळ दोन्ही फुलले, हे खरे. पण तो आनंद सर्वांच्या वाट्याला येणारा नव्हता. नाटकात वाद आहे तो भोग आणि त्याग यांचा. आस्वादाची सोय कोणाला आहे आणि कोणाला नाही, या तिसऱ्या प्रश्नाला तेथे जागा मिळत नाही.

हा आक्षेप पु. लं.च्या समग्र लेखनावर सरसकट लादणे मात्र अन्यायाचे ठरेल. 'व्यक्ती आणि वल्ली'तील 'नारायण' हे शब्दचित्र या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. लग्नघरात सर्वांचे सर्व करणाऱ्या, पण कोणाच्याही लक्षात न राहणाऱ्या माणसाकडे लेखकाची नजर वळते आणि विनोदाच्या आड दडलेले श्रम दिसू लागतात. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाचे त्यांनी केलेले अंतःकरणपूर्वक स्वागतही सर्वश्रुत आहे. म्हणजेच आपल्या रसिकतेच्या मर्यादा ओलांडण्याची क्षमता याच रसिकतेत होती. ती शैलीचा भाग झाली, पण सिद्धान्ताचा भाग झाली नाही, एवढेच म्हणता येईल.

पुण्याचे मैदान : पळवणकर बाळू यांचे उदाहरण

रसिकतेच्या या चर्चेत पळवणकर बाळू (मृत्यू १९५५) यांचे उदाहरण निर्णायक आहे. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील मैदानांवर खेळपट्टी झाडणे, रोलर फिरविणे आणि सरावाची जाळी उभारणे अशी कामे महिना काही रुपयांवर केली. पूना क्लबमध्ये जे. जी. ग्रेग हा इंग्रज फलंदाज तासन् तास सराव करी आणि त्याला गोलंदाजी टाकण्याचे काम बाळूंकडे असे. या सरावातूनच त्यांची डावखुरी फिरकी कसाला लागली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे क्वचितच मिळे. रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या ग्रंथाने ही हकीकत व्यापक वाचकवर्गापुढे आणली.

पुढे पुण्यातील हिंदू संघाला बाळूंच्या गोलंदाजीची गरज भासली आणि त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सवर्ण सहकारी त्यांनी हाताळलेल्या चेंडूला स्पर्श करीत. विश्रांतीच्या वेळी मात्र त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले नाही. त्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले आणि तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. विठ्ठल यांनी मराठीत 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र लिहिले. मराठी आत्मचरित्राच्या चर्चेत या पुस्तकाचा उल्लेख अपवादानेच होतो, ही बाब मराठी समीक्षेच्या आवडीनिवडीवर प्रकाश टाकणारी आहे.

या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, त्या क्लबमधील इंग्रज हौशी खेळाडूचा आनंद ज्याच्या श्रमावर उभा होता, तो माणूस स्वतः त्या खेळाचा श्रेष्ठ कलावंत होता. दुसरी, मैदानावरील कौशल्याला मिळणारी दाद आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक यांत फारकत असू शकते. उत्तम चेंडूला टाळी देणारा रसिक आणि वेगळे भांडे पुढे करणारा समाज हे एकाच पॅव्हेलियनमध्ये वावरत होते.

फुरसतीचा प्रश्न : गिरणीपासून मारुंजीपर्यंत

रसिकतेला आवड जितकी लागते, तितकीच सवड लागते. इंग्लंडमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतर कापडगिरण्यांत स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांच्याकडून काम घेण्यास मनाई केली. शनिवारच्या या अर्ध्या सुटीतूनच दुपारच्या फुटबॉलचा प्रेक्षकवर्ग हळूहळू तयार झाला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. मराठी रंगभूमीचा, तमाशाचा आणि पुढे चित्रपटाचा इतिहास लिहिताना या सुटीची दखल घेणे आवश्यक आहे. कारण तिकीट काढणारा श्रोता व प्रेक्षक त्या सुटीतूनच घडला. २००३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेले वीस षटकांचे सामने संध्याकाळी काम संपल्यावर येणाऱ्या प्रेक्षकांसाठीच योजलेले होते. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० च्या नियमांनंतर रात्रभर चालणाऱ्या मैफलींनाही आटोपते घ्यावे लागले. कलेचा आणि खेळाचा आकार समाजाच्या वेळापत्रकाने ठरतो, याची ही उदाहरणे होत.

पिंपरी-चिंचवड व चाकणचा औद्योगिक पट्टा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. येथील अनेक कारखान्यांत साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तर मारुंजीला लागून असलेल्या हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत ती शनिवार-रविवारी असते. नाटकाचे प्रयोग, सामने आणि संगीत-महोत्सवांचे मुख्य दिवस बहुधा शनिवार-रविवारचे. साहजिकच एकाच परिसरात राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या वाट्याला येणारी रसिकता सारखी राहत नाही. पाळीने काम करणाऱ्या पालकांची मुले महाविद्यालयात येतात, तेव्हा त्यांना संगीताची वा नाटकाची आवड नाही, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. आवडीच्या अभावाआधी सवडीचा अभाव तपासला जात नाही.

याच परिसरातील गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान २०१२ मध्ये सुरू झाले. त्याचा आराखडा लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्स या संस्थेचा असून याच संस्थेने लॉर्ड्स मैदानावरील १९८७ ची माउंड स्टँड ही प्रेक्षकसज्जा घडविली होती. ब्रिटिश क्रिकेटरसिकतेचे वास्तुरूप अशा रीतीने मावळच्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन पोहोचले. फेब्रुवारी २०१७ मधील भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी येथे तिसऱ्याच दिवशी संपली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सामनाधिकाऱ्याने खेळपट्टीला निकृष्ट ठरविले. खेळपट्टी घडविणारे हात चर्चेत येतात ते अशा वेळीच. ती उत्तम असते तेव्हा दाद फलंदाजाला मिळते. मार्च २०२१ मध्ये भारत-इंग्लंड यांच्यातील तीन एकदिवसीय सामने महामारीमुळे येथे प्रेक्षकांविना खेळले गेले. रसिकाशिवाय सामना होऊ शकतो, पण मैदानावर राबणाऱ्यांशिवाय होऊ शकत नाही, हे त्या रिकाम्या सज्जांनी दाखवून दिले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठी रसिकतेच्या आदर्शात काव्यशास्त्रातील सहृदय, मैफलीतील जाणकार आणि ब्रिटिश हौशी चाहता या तिघांचा संगम झालेला आहे. व्यापक आवड, अभ्यासाची तयारी आणि मनाचे औदार्य हे त्याचे टिकाऊ गुण होत.

२. केशवराव भोळे आणि वामनराव देशपांडे यांच्या बाबतीत हौस ही प्रत्यक्ष साधनेत उतरली, म्हणून तिचे समीक्षेत रूपांतर झाले. केवळ दाद देणे म्हणजे समीक्षा नव्हे.

३. पु. ल. देशपांडे यांनी आनंदाचा हक्क मराठी मनाला पटवून दिला. त्या आनंदाच्या आर्थिक व सामाजिक आधाराचा प्रश्न त्यांच्या काही लेखनात सूचित होतो, परंतु 'तुझे आहे तुजपाशी'सारख्या मध्यवर्ती कृतीत तो अनुत्तरित राहतो.

४. पळवणकर बाळू यांचे उदाहरण आस्वाद आणि श्रम यांना वेगळे करणाऱ्या दृष्टीचे उणेपण उघड करते. क्रीडाविषयक मराठी आत्मचरित्रांना वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात स्थान मिळाल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.

५. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या अभिरुचीविषयी मत बनविण्यापूर्वी त्यांच्या कुटुंबांच्या फुरसतीचा विचार करावा. सांस्कृतिक कार्यक्रमांची आखणी गुरुवारची सुटी लक्षात घेऊन करणे, ही त्या दिशेने टाकता येण्यासारखी अगदी साधी पायरी आहे.

रसिकता टाकून द्यावी, असा या चिकित्सेचा अर्थ नाही. ज्या समाजात आनंद घेण्याची रीत उरत नाही, तेथे समीक्षाही उरत नाही. आस्वाद घेणाऱ्याने खेळपट्टी कोणी तयार केली, तंबोरा कोणी जुळवून दिला आणि आपल्याला येथे येऊन बसण्याची सवड कोणामुळे मिळाली, याचे स्मरण ठेवले, तर त्याचा आनंद उणावत नाही. तो अधिक जाणता होतो.